प्रॉम्प्टरचा कोनाडा

ती बातमी आली तेव्हा प्रियदर्शनी गजभिये बुधवार पेठेत विजेच्या सामानाच्या एका दुकानात उभी होती. काम अगदी किरकोळ होतं. तिच्या नवऱ्याच्या, विश्वजीतच्या, छोट्या दिव्याचा बल्ब गेला होता आणि त्याच मापाचा दुसरा हवा होता. डिसेंबरातली दुपार होती. ऊन कोवळं होतं आणि रस्त्यावर दगडूशेठच्या दर्शनाला आलेल्यांची नेहमीची रीघ होती. जिल्हा परिषदेतल्या कचेरीतून ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघाली होती, त्यामुळे मनही जरा सुटीचं होतं.

दुकानदाराने जुना बल्ब चिमटीत धरून उजेडाकडे केला.

“एवढासा? देव्हाऱ्यातला का?”

“नाही. प्रॉम्प्टरच्या दिव्याचा. रंगमंचाखाली अंधारात बसून वाचायला लागतो.”

“अजून असतात होय प्रॉम्प्टर? आम्हाला वाटलं, हल्ली नट पाठ करून येतात.”

“यांचे नट इटालियनमधून गातात.”

“मग चुकले तरी कळतंय कोणाला,” असं म्हणून तो आत खोकी धुंडाळायला गेला.

प्रियदर्शनीला हसू आलं. संध्याकाळी विश्वजीतला हे सांगायचं, असं तिने मनात ठरवूनही टाकलं. फोन वाजला तेव्हा ती हसतच होती.

“काकू…” विश्वजीतच्या विद्यार्थिनीचा, श्रद्धाचा, आवाज होता. “तुम्ही कुठे बसलेल्या आहात का?”

“उभी आहे. बोल.”

“सर… काकू, सर कोनाड्यात…”

पुढचं श्रद्धाला बोलता आलं नाही. तिच्या मागे मात्र कोणीतरी पियानोवर एकच सूर पुन्हा पुन्हा वाजवून पाहत होतं, हे प्रियदर्शनीला स्पष्ट ऐकू येत होतं. त्या माणसाला अजून कोणी थांबवलं नव्हतं. बल्ब घेऊन बाहेर आलेल्या दुकानदाराने तिच्या चेहऱ्यावर काय पाहिलं कोण जाणे. त्याने पुढे होऊन काचेचं दार उघडून धरलं.

*

विश्वजीत मूळचा भंडाऱ्याचा. भाषा शिकायला पुण्यात आला आणि इटालियन शिकवता शिकवता इथलाच झाला. भंडाऱ्याच्या मुलाला इटलीच्या ऑपेराचं वेड कुठून लागलं, असं कोणी विचारलं की तो “कानातून” एवढंच सांगायचा. बिबवेवाडीतल्या त्यांच्या घरात, सोफा भिंतीला सरकवून, जमिनीवर बसणाऱ्या चार टाळक्यांना तो तबकड्या ऐकवायचा आणि ओळीओळीचा अर्थ सांगायचा. अट एकच होती. गाजलेला ऑपेरा लावायचा नाही. इटलीत कधीकाळी एखाद-दोनदा उभा राहिलेला आणि मग कपाटात गेलेला, असाच हवा.

“गाजलेलं तर सारेच ऐकतात,” तो म्हणायचा. “एकट्या पडलेल्याकडं कोण जाईल, बापा?”

त्या बैठकीचा पुढे ‘अनवट ऑपेरा महोत्सव’ झाला. घरातून शाळेच्या सभागृहात गेला आणि तिथून सातारा रस्त्यावरच्या एका जुन्या नाट्यगृहात. आधी गोव्याचे नि मुंबईचे गायक आले, मग खुद्द इटलीतून तरुण मुलं येऊ लागली. हिंजवडीच्या कंपन्यांतली पोरं शनिवार-रविवारी येऊन पोशाखांना जरी लावू लागली. पुणेकरांनी आपल्या परीने स्वागत केलं. “आपले अनवट राग ऐकायला माणूस मिळत नाही, आणि हे इटलीचे अनवट घेऊन बसलेत,” असं म्हणत म्हणत लोक तिकिटं काढू लागले.

यातलं बरंचसं शौनकमुळे झालं, हे प्रियदर्शनीनेही कधी नाकारलं नाही. शौनक आणि श्रद्धा, दोघंही विश्वजीतच्या इटालियनच्या वर्गातले. पुढे त्यांनी लग्न केलं. शौनकला भाषा फारशी आली नाही, पण माणसं जोडता यायची, प्रायोजक आणता यायचे, पेपरात फोटो छापून आणता यायचा. तो महोत्सवाचा संचालक झाला. विश्वजीत रंगमंचाखाली गेला.

हे त्याने स्वतःच मागून घेतलं होतं. आपल्या नाटकातला प्रॉम्प्टर विंगेत उभा राहतो आणि नट अडखळला तरच शब्द देतो. ऑपेराचं तसं नसतं. तिथं रंगमंचाच्या पुढच्या कडेला, जमिनीत, माणूस कंबरेइतका मावेल अशी चौकट कापलेली असते. प्रेक्षकांच्या बाजूने तिला लाकडी आडोसा असतो. प्रॉम्प्टर त्यात बसून प्रत्येक ओळीचे पहिले शब्द देतो. गायक अडो वा न अडो, सुराच्या निमिषभर आधी, ठाम दबक्या आवाजात. गायक ते शब्द डोक्यात घेत नाही, थेट जिभेवर घेतो. काही वर्षं एकाच प्रॉम्प्टरच्या हाताखाली गायलं की खालून आलेला शब्द आणि तोंडून गेलेला शब्द यांच्यामध्ये विचाराला जागाच उरत नाही.

त्या चौकटीला विश्वजीत कोनाडा म्हणायचा. खोकला येऊ नये म्हणून ओवा चघळत बसायचा. शब्द देण्याआधी तो एक बारीकसा श्वास आत ओढायचा, आणि वर उभे असलेले गायक त्या श्वासाची वाट पाहायचे.

शौनक गात नव्हता, पण दरवर्षीचं उद्घाटनाचं भाषण त्याचं असायचं. पाठ होत नाही, कागदावरून वाचलं की आवाज पडतो. म्हणून तो आडोशाजवळ उभा राहायचा आणि विश्वजीत खालून त्याला वाक्यं पुरवायचा. शौनकच्या ज्या ओघवत्या मराठीचं लोक कौतुक करायचे, ती सगळी जमिनीतून यायची.

*

रुग्णालयात डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. असेलही. तपासायचं आता काही उरलेलं नाही, असंच त्यांच्या बोलण्यावरून वाटलं.

प्रियदर्शनीने चादरीखालून त्याचा हात बाहेर घेतला. नखं तो नेहमी बारीक कापायचा. त्या बारीक नखांतही हिरवे धागे होते. एकेका बोटात, खोलवर गेलेले. रंगमंचावरचा गालिचा हिरवा होता.

बाहेर शौनक बाकावर बसला होता. तिला पाहून उठला. त्याच्या डोळ्यांत खरं पाणी होतं.

“काकू, सर जेवायला बाहेर गेले होते हो. मी स्वतः जाताना पाहिलं त्यांना. परत कधी येऊन खाली बसले, कोणाला कळलंच नाही…”

“तू पाहिलंस?”

“हो काकू.”

“बाहेर जाताना?”

“हो.”

प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर येत होतं. खात्याच्या चौकशा करण्यात अर्धं आयुष्य गेलेल्या बाईला तेवढं पुरे होतं. अंत्यसंस्कार झाले, आणि धागेही त्याच्याबरोबर गेले.

बाकीचं तिला निकिताकडून कळलं. निकिता महोत्सवाची मुख्य गायिका, पिंपरीची मुलगी, विश्वजीतच्या तालमीत तयार झालेली. त्या दुपारी प्रायोजकांची माणसं आली होती. रंगमंचावर सगळ्यांचा फोटो काढायचा होता, आणि मधोमध जमिनीतलं भोक दिसत होतं. शौनकने आडोसा काढवून चौकटीवर फळ्या टाकायला लावल्या, फळ्यांमधल्या बोटभर फटींवरून गालिचा ओढला. कोनाड्यात शिरायच्या खालच्या बुटक्या दाराशी त्याआधीच दिव्यांच्या पेट्या रचलेल्या होत्या.

“मला वाटलं सर बाहेर आलेत,” निकिता म्हणाली. “सगळ्यांना तसंच वाटलं, काकू.”

“सगळ्यांना?”

निकिताने मान खाली घातली.

प्रियदर्शनीला भरपाई नको होती. पोलिसांत जाऊन सांगण्यासारखं तिच्या हातात काही नव्हतं. तिला ते शौनकच्या तोंडून ऐकायचं होतं. भरल्या सभागृहात, जिथं उभा राहून तो दरवर्षी टाळ्या घ्यायचा तिथं. कचेरीत सही करताना, भाजी निवडताना, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या सोडून ती ते वाक्य मनात जुळवत राहायची. कसं सुरू होईल, कुठे त्याचा आवाज अडकेल. संध्याकाळी दिवा लावून ती बुद्धवंदनेला बसायची तसंच बसत होती. सर्व प्राणिमात्रांचं मंगल होवो, असं म्हणायची वेळ आली की ती मनातल्या मनात एक नाव गाळायची. तिच्याशी बोलणाऱ्या कोणालाही यातलं काही जाणवलं नसतं. ती पूर्वीसारखीच सावकाश, नेमकं बोलायची.

*

महोत्सव फेब्रुवारीअखेरीवर ढकलला गेला आणि विश्वजीतला अर्पण केला गेला. शौनकने फोन करून सांगितलं.

“काकू, दीपप्रज्वलन तुमच्या हस्ते. तुमच्याशिवाय उद्घाटन होणार नाही.”

“येईन,” ती लगेच म्हणाली.

तालमीला एकदा येऊन जा, खुर्ची कुठे असेल ते बघून ठेवा, असाही त्याचा आग्रह होता. म्हणून ती एका दुपारी गेली. बाहेर रस्त्यावर उन्हाचा रखरखाट होता, आणि दोन जाड दारं ओलांडून आत गेलं की काळोख. जुन्या खुर्च्यांच्या गाद्यांचा कोंदट वास. फक्त रंगमंचावर एक पिवळा दिवा. कोनाडा कायमचा बुजवला होता, त्यावर नवा गालिचा होता. त्याच्या जागी दोन्ही बाजूंना टीव्हीसारखे पडदे लावले होते, त्यांवर ओळी उमटत. प्रॉम्प्टरची आता गरज नव्हती.

ती मधल्या रांगेत जाऊन बसली. निकिता गात होती. एका राणीची गोष्ट होती, जिचा नवरा मेजवानीत मारला गेला आहे आणि मारणारा तिच्याच पंगतीला जेवतो आहे. दोनशे वर्षांत हे गाणं कोणी गायलं नसेल.

मध्येच दोन्ही पडदे विझले. ध्वनी आणि पडदे सांभाळणारा तेजस मागच्या खोलीतून “एक मिनिट, एक मिनिट!” असं ओरडला. पियानोवाल्याने हात उचलायला हवे होते. त्याने उचलले नाहीत. निकिताही थांबली नाही. ती समोर बघत नव्हती. नजर किंचित खाली, पायांच्या पुढे. गाणं शेवटपर्यंत गेलं, एकाही ठिकाणी न अडखळता.

मग ती खाली उतरून प्रियदर्शनीच्या शेजारी येऊन बसली.

“काकू… शेवटचा भाग मला येत नाही.”

“आत्ता तर गायलीस.”

“आम्ही तो अजून बसवलेलाच नाही.” ती अगदी हलक्या आवाजात बोलत होती. “खालून आला. आधी तो श्वास… सर घ्यायचे तसा. मग शब्द.”

“बाकी कोणी ऐकलं?”

“सगळेच ऐकतात. सगळे त्याच्यावरच गातायत, काकू… तालमी सुरू झाल्यापासून. कोणी काही बोलत नाही. चुका होत नाहीत ना.”

“आणि शौनक?”

“तो कुठे गातो.”

मग निकिता म्हणाली, “भन्तेजींना बोलवायचं का? परित्राणपाठ करून घेऊ… सरांना शांतता मिळेल.”

“नको,” प्रियदर्शनी म्हणाली.

चहाची वेळ झाली, माणसं बाहेर गेली. जाताना कोणीतरी पिवळा दिवाही बंद केला. प्रियदर्शनी चाचपडत पायऱ्या चढून रंगमंचावर गेली. कडेच्या जवळ येताच तिला ओव्याचा वास आला. तिखट, ओलसर, आत्ताच दातांखाली चिरडलेल्या ओव्याचा. ती गुडघ्यांवर बसली. गालिच्यावर तळहात ठेवला. लाकूड गार होतं, मात्र एका ठिकाणी, हाताच्या पंजाएवढ्या जागेत, गार नव्हतं.

विश्वजीतला काय सांगावं, याचा तिने इतके दिवस विचार केला होता. तू खाल्लंस का, दुखलं का, मला हाक मारलीस का. त्यातलं तिने काहीच विचारलं नाही.

“त्याच्या तोंडून हवं,” ती गालिच्याला म्हणाली. “सगळ्यांसमोर.”

खाली बराच वेळ काही हललं नाही. मग फळ्यांच्या पलीकडे, तिच्या तळहाताच्या अगदी लगत, कोणीतरी एक बारीक श्वास आत ओढला.

*

उद्घाटनाच्या संध्याकाळी नाट्यगृह खच्चून भरलं होतं. दारावर ‘उशिरा येणाऱ्यांनी पुढच्या वर्षी यावे’ अशी पाटी होती, आणि तिच्याजवळ उशिरा आलेले लोक भांडत होते. प्रियदर्शनीने दिवा लावला. तिला रंगमंचावरच खुर्ची दिली होती. समोर पहिल्या रांगेत श्रद्धा. शौनक माइकपाशी आला, नव्या गालिच्याच्या मधोमध. त्याचं भाषण दोन्ही पडद्यांवर तयार होतं.

सुरुवात नीट झाली. महोत्सव कसा वाढला, किती देशांचे गायक, पुढच्या वर्षीचे बेत.

“या महोत्सवाचा पाया ज्यांनी घातला, ते आमचे गजभिये सर आज…”

तो थांबला. पडद्यावर पुढचा शब्द होता. तो पडद्याकडे बघत नव्हता. त्याची मान किंचित खाली झुकली होती, ऐकणाऱ्या माणसाची झुकते तशी.

प्रियदर्शनीने श्वास ऐकला. मग शब्द ऐकले, खालून, त्या ओळखीच्या दबक्या आवाजात.

*आज इथंच आहेत.*

“आज इथंच आहेत,” शौनक म्हणाला.

टाळ्या पडल्या. दुसऱ्या रांगेतल्या एका बाईने डोळे पुसले.

*त्या दुपारी सर जेवायला गेले नव्हते.*

“त्या दुपारी सर जेवायला गेले नव्हते. मी खोटं सांगितलं. सर खाली बसले होते आणि मला ते माहीत होतं.” त्याचा आवाज स्वच्छ, उत्तम लागलेला होता. चेहरा मात्र त्या आवाजाचा नव्हता. कोणी दुसरंच आपल्या घरात शिरून बोलतंय, असा तो घाबरून इकडे तिकडे बघत होता. “मी म्हणालो, पाचच मिनिटं, सर. वरून फळ्या टाकल्या. फोटोत भोक दिसत होतं. काहून पाचच मिनिटं? पाव्हण्यांना चहा द्यायचा होता, मंग तास गेला.”

मागून कोणीतरी हसलं. “अरे, सरांची नक्कल करतोय!” सदाशिव पेठेत जन्मलेल्या शौनकच्या तोंडून भंडाऱ्याकडचं ते ‘काहून’ कधी कोणी ऐकलं नव्हतं. हसू दोन-चार रांगांत पसरलं आणि मग, एकदमच, विझलं.

“खालून ठोकल्याचा आवाज आला. मी ऐकला. म्हणून गालिच्यावर पाय रोवून उभा राह्यलो. पाव्हण्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. माझ्या तळपायाला लागत होतं ते ठोकणं. आधी जोरात. मग…”

हे प्रियदर्शनीला माहीत नव्हतं. तिने इतकं मागितलं नव्हतं.

शौनकने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. बोटांच्या फटींतून शब्द येतच राहिले. तेजसने माइक बंद केला. माइक लागतच नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत प्रत्येक शब्द जात होता. श्रद्धा जागेवरून उठून उभी होती. प्रत्येक वाक्य प्रियदर्शनी दोनदा ऐकत होती, आधी खालून, मग वरून, आणि मध्ये जी फट पडत होती तिच्यात शौनकचे डोळे पुढच्या वाक्याला घाबरत होते.

ठोकणं थांबलं तिथंच बोलणंही थांबलं. शौनक तिच्याकडे वळला. त्याला ‘काकू’ म्हणायचं होतं. ओठांचा तसा आकार झाला होता. पण खालून काही आलं नाही, आणि वरूनही काही निघालं नाही.

प्रियदर्शनी खुर्चीत ताठ बसून होती. मांडीवरचे हात तिने हलवले नाहीत. कित्येक आठवड्यांनी तिला भूक लागली होती.

*

पुढचं सगळं पेपरांत आलं. शौनकचं पद गेलं, चौकशी बसली. महोत्सवाचं मात्र भलंच झालं. ज्यांना ऑपेरा म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं तेही पुढच्या हंगामाची तिकिटं विचारू लागले. नव्या समितीने मोठं नाट्यगृह घ्यायचं ठरवलं, तर गायकच अडून बसले. प्रयोग होतील तर इथंच, याच रंगमंचावर. का, ते समितीला कोणी सांगितलं नाही.

पुन्हा डिसेंबर आला. एका दुपारी प्रियदर्शनीच्या दाराशी श्रद्धा उभी होती. वर्षभरात ती ओळखू येऊ नये इतकी वाळली होती.

“आत येऊ, काकू?”

“ये.”

चहा समोर ठेवला, तो तसाच राहिला.

“शौनक बोलत नाही,” श्रद्धा म्हणाली.

“बोलायचं ते बोलून झालं त्याचं.”

“तसं नाही हो… बोलायला जातो. तोंड उघडतो, फरशीकडे बघतो आणि थांबतो. शब्द यायची वाट बघतो. तो येत नाही. समोर पाणी असतं, ओठ सुकलेले असतात, पण मागता येत नाही त्याला. रेवाला हाक मारता येत नाही. चार वर्षांची आहे ती. तिला वाटतं, बाबा आपल्यावर रुसलाय.”

“डॉक्टर काय म्हणतात?”

“धक्का बसलाय म्हणतात.” श्रद्धाने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. “मी ऐकते ना, काकू. घरात येतो तो श्वास. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, खाली दुसऱ्यांची घरं आहेत, तरी फरशीखालून येतो. शौनक लगेच मान खाली करतो, आता मिळेल म्हणून. आणि सर… सर श्वास घेतात आणि पुढे काही देत नाहीत. नुसते थांबतात. पुन्हा घेतात. पुन्हा थांबतात.”

खालच्या गल्लीत भाजीवाला ओरडत गेला.

“माझ्याकडून काय हवंय?”

“निकिता म्हणते, कोनाड्यात बसलेल्याला पडदा पडलेला दिसत नाही. टाळ्या ऐकून तो उठत नाही, टाळ्या मध्येही पडतात. कोणीतरी वरून जाऊन सांगावं लागतं, प्रयोग संपला म्हणून. ते सरांना कोणी सांगितलंच नाही. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील. एवढंच म्हणायचं, संपला. मी गाडी घेऊन येते. उद्याच जाऊ… काकू, मी पाया पडते तुमच्या. त्याच्यासाठी नको. रेवासाठी.”

प्रियदर्शनीने खिडकीबाहेर पाहिलं. संपला, एवढा एक शब्द. तो म्हटला की शौनकला पाणी मागता येईल. आणि तो म्हटला की या शहराच्या पोटात कुठेतरी अजून श्वास घेणारा तिचा माणूसही उठून जाईल, कायमचा. हे श्रद्धाला सांगण्यासारखं नव्हतं. पण चार वर्षांची मुलगी होती. विश्वजीतने तिला कडेवर घेऊन इटालियन बडबडगीतं म्हटली होती. जे झालं ते झालं, पोरीला का म्हणून? प्रियदर्शनीने खरोखरच ठरवलं. उद्या जायचं. ‘येते’ असं म्हणायला तिने तोंड उघडलं.

टीपॉयखाली, फरशीला लागून, कोणीतरी एक बारीक श्वास आत ओढला.

“बघू,” प्रियदर्शनी म्हणाली.

श्रद्धा तिच्याकडे बघत राहिली. मग उठली. दाराशी चपला घालताना ती एकदम थांबली.

“काकू, एक विचारू? ‘बघू’ म्हणायच्या आधी… तुम्ही खाली का बघितलंत?”

प्रियदर्शनीला उत्तर द्यायचं होतं. तिने तोंड उघडलं. काही आलं नाही.

श्रद्धा जिना उतरून गेली. ते नाट्यगृह बिबवेवाडीहून जवळ आहे, चालत जाण्यासारखं. प्रियदर्शनी अजून तिकडे गेलेली नाही.